धुराचा चहा आणि काकीची चूल

मी चहाबाज आहे. दिवसाला पाच कप ही माझी सरासरी, रिलीजच्या आठवड्यात आकडा आठावर जातो. ऑफिसातल्या मशीनमधून येतं त्याला मी चहा म्हणत नाही. ते गरम, गोड, तपकिरी पाणी आहे आणि त्याचा उपयोग जागेवरून उठायला निमित्त म्हणून. त्यामुळे टीममधली एक मुलगी ऑनसाईटहून परत येताना नेहमीच्या चॉकलेटांऐवजी चहाचा डबा घेऊन आली, तेव्हा तो फिरत फिरत माझ्याच टेबलावर येऊन थांबला. काळा, जड, उगाच श्रीमंत दिसणारा डबा. त्यावर वर्णन होतं: धुरावर सुकवलेला काळा चहा, बर्गमॉटच्या सुगंधासह. खाली ठळक अक्षरांत सूचना, दूध घालू नये.

शनिवारी सकाळी मोठ्या भक्तिभावाने केला. पाणी उकळलं, पानं टाकली, तीन मिनिटं झाकून ठेवलं. बायको आतून धावत आली आणि म्हणाली, "काही जळतंय का?"

जळत काही नव्हतं. पण पहिला घोट घेतला आणि मी सिंहगड रोडवरच्या चौथ्या मजल्यावर राहिलोच नाही. थेट कापड्याला गेलो. काकीच्या चुलीसमोर, पाटावर, हातात कान तुटलेला कप. आधी धूर, मग मागून हळूच येणारा लिंबासारखा वास, शेवटी जिभेवर राहणारा किंचित तुरटपणा. तोच चहा! डब्याची किंमत मी नंतर इंटरनेटवर पाहिली. शंभर ग्रॅमला साडेनऊशे रुपये. आणि काकी मला तोच चहा गेली वीस वर्षं माफी मागून देत होती.

आजचा विषय ती माफी आहे. पण आधी ह्या डब्यात काय होतं ते सांगतो, कारण मी इंजिनियर आहे आणि डबा उघडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

धुराचा भाग आहे लापसांग सूचाँग ह्या चिनी चहाचा. फुजियान प्रांतात वुयी नावाचे डोंगर आहेत, तिथल्या तोंगमू गावाच्या परिसरातला हा मूळचा चहा. पानं पाईनच्या लाकडाच्या धगीवर आणि धुरावर सुकवतात. ह्याच्या जन्माची एक गोष्ट सांगतात. सतराव्या शतकात कधीतरी सैन्याची एक तुकडी गावात मुक्कामाला आली, पानं सुकवायचं काम रखडलं, माल खराब व्हायला लागला. मग घाईघाईत ओल्या पाईनची लाकडं पेटवून त्यावर पानं सुकवली. गावात असला चहा कोण पिणार? पण परदेशी व्यापाऱ्यांना तो भलताच आवडला आणि पुढच्या वर्षी त्यांनी तोच मागितला. गोष्ट खरी की रचलेली ते सोडा, आमच्या धंद्यातल्या माणसाला ती लगेच पटते. डेडलाईनच्या आदल्या रात्री केलेला जुगाड क्लायंटला आवडतो आणि मग तो कायमचं फीचर होऊन बसतो.

लिंबासारख्या वासाचा भाग आहे बर्गमॉटचा. लिंबू-संत्र्याच्या कुळातलं हे फळ, मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला कॅलाब्रिया भागात होतं. खायला कोणी घेत नाही, पण सालीतून निघणारं तेल अत्तरात आणि चहात वापरतात. साध्या काळ्या चहाला हे तेल लावलं की त्याचा 'अर्ल ग्रे' होतो. १८३० ते १८३४ ह्या काळात ब्रिटनचा पंतप्रधान असलेल्या चार्ल्स ग्रे ह्या उमरावाचं नाव त्याला चिकटलंय.

म्हणजे चीनचा धूर आणि इटलीची साल. आता कापड्याचा चहा बघू.

कापडे कुठे, असं विचारणाऱ्यांसाठी: महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरकडे जायला लागलात की घाट संपल्यावर हे गाव लागतं. तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड. समुद्र, नारळी-पोफळी, मासळी असलं कोकण डोळ्यांसमोर आणू नका. हे डोंगराच्या पायथ्याचं कोकण आहे. भात, नाचणी, वरी आणि प्रचंड पाऊस. सावित्री महाबळेश्वरला उगम पावून इथूनच महाडकडे जाते. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ ह्याच तालुक्यात. आणि घरटी एक तरी माणूस मुंबईला, हा इथला जुना नियम.

आमच्या घरातून आजोबा गेले होते, गिरणीत. आमच्या घरी चहा आला तो त्यांच्याबरोबर. सुट्टीला येताना ट्रंकेत पुडी असायची. हे एकट्या आमच्या घराचं नाही. हिंदुस्थानातल्या माणसाला चहाची सवय मुद्दाम लावली गेली. १९०३ साली सरकारने चहावर उपकर बसवला, त्या पैशातून प्रचार झाला, पुढे गिरण्यांत, कारखान्यांत, रेल्वे स्टेशनांवर चहा पोचला. विकणाऱ्यांची अपेक्षा होती की लोकांनी पूड जास्त वापरावी. आपल्या लोकांनी दूध, साखर आणि मसाला जास्त वापरून पूड वाचवली. त्यातून आज आपण ज्याला 'चहा' म्हणतो तो तयार झाला. पुढे १९३० च्या सुमारास आसामात सीटीसी यंत्र आलं, पानं चुरडून, फाडून, त्यांच्या बारीक गोळ्या करणारं. ही पूड स्वस्त, कडक आणि दुधाला पुरून उरणारी. दुधाचा चहा मग देशभर पक्काच झाला.

पण ह्या सगळ्यात दूध हे गृहीत धरलंय. आणि दूधच नसेल तर?

आमच्या भागातल्या गावठी गाई अंगाने लहान, काटक आणि डोंगरात चरणाऱ्या. वासराचं भागवून उरलं तर घरात दूध. पिशवीचं दूध गावात पोचायला लागलं त्याच्या आधी दुधाचा चहा ही पाहुण्यांसाठी राखून ठेवायची गोष्ट होती. घरच्यांनी प्यायचा तो कोरा. गुळाचा, त्यात अंगणातल्या गवती चहाची दोन पाती. आमच्याकडे त्याला नुसतं 'पातीचा चहा' म्हणतात.

तर लहानपणापासून मी कापड्याला गेलो की काकी चहाचा कप हातात देताना एकच वाक्य म्हणायची. "दूध नाय रे बाळा, कोराच हाय. चालंल ना?" मी म्हणायचो, "काकी, मला हाच आवडतो. ह्याला धुराचा काय वास येतो, मस्त!" ती हसायची. मी कॉलेजला गेलो, नोकरीला लागलो, लग्न झालं, वाक्य तेच. पुढे घरात पिशवीचं दूध नेहमी असायला लागलं, तरी मला कोराच मिळायचा कारण मी मागायचो. आणि तरीही ती म्हणायची, "कोराच हाय हां."

ह्या माफीचं मूळ मला काकांनी सांगितलं. काकी लग्न होऊन ह्या घरात आली १९८३ साली. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला होता आणि आजोबा तोवर गावी परत आले होते, कायमचे. मुंबईहून येणारी मनीऑर्डर बंद. अशा घरात ही नवी सून. आजोबांचे गिरणीतले मित्र कधी भेटायला आले की आजी तिला मागच्या दाराने शेजारी पाठवायची. पदराखाली वाटी. दूध मिळालं तर दुधाचा चहा, नाही मिळालं तर कोरा, आणि कोरा असेल तर पाहुण्यांपुढे तो घेऊन जायची वेळही तिच्यावरच. एकोणीस वर्षांची मुलगी. तेव्हापासून ते वाक्य तिच्या तोंडात बसलंय. पुढे दूध आलं तरी वाक्य गेलं नाही.

मराठी माणसाच्या इतिहासात चहावरून माफी मागायची वेळ मोठमोठ्यांवर आलेली आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला बोलावलेल्या मंडळींपुढे चहा ठेवला गेला. गोपाळराव जोशांनी (हो, आनंदीबाईंचे यजमान) नंतर उपस्थितांची नावं छापून आणली आणि पुण्यात एकच गहजब उडाला. मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून बहिष्कार, शंकराचार्यांपर्यंत तक्रार, चौकशी. टिळक आणि रानडे ह्यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या फेऱ्यातून जावं लागलं. त्या चहाची चव कशी होती ह्यावर कोणी एक शब्द बोललं नाही. कोणी दिला आणि कोणी घेतला एवढाच प्रश्न होता. आपल्याकडे चहाच्या कपात चवीपेक्षा मान-अपमान जास्त असतो, तो असा जुना आहे.

मला विचाराल तर कोऱ्या चहाची माफी मागायचं चवीच्या अंगाने काहीही कारण नाही. उलट दुधाने चहाचं नुकसानच होतं. दुधातली प्रथिनं चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात, तुरटपणा मऊ होतो आणि नाजूक वास दुधाच्या स्निग्धपणात दबून जातात. मशीनमधल्या चहाच्या बाबतीत हे चांगलंच आहे म्हणा. पण पातीच्या चहात दूध घातलं की अर्धी गंमत गेली. गवती चहाच्या तेलात मुख्य घटक सिट्रल. लिंबाच्या सालीला जो वास येतो त्यातही हाच. म्हणजे उमरावाच्या चहात इटलीहून आणलेल्या सालीने जे काम होतं, त्याच जातीचं काम आमच्या न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेलं गवत करतं. फुकट. वरून कापलं की पुन्हा उगवतं.

आणि धूर? त्याचं कारणही सोपं. टोप उघडा, चूल लाकडाची, त्यामुळे थोडा धूर पाण्यात उतरतो. पण खरी मेख वेगळी आहे. चहाची पूड आजूबाजूचा कुठलाही वास पटकन शोषून घेते (म्हणून ती मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवू नये). काकीचा पुडीचा पत्र्याचा डबा चुलीच्या वरच्या फळीवर, झाकण जरा सैल. वर्षानुवर्षं तिथेच. तोंगमूमध्ये जे मुद्दाम करतात ते कापड्यात आपोआप होत होतं.

इथपर्यंत विचार झाला आणि मी खूश झालो. डोक्यात लेख तयार झाला होता. 'साडेनऊशेचा चहा आणि काकीचा कोरा', आपल्या मातीतलं ते अस्सल, आपणच आपली किंमत करत नाही, वगैरे वगैरे. असे लेख तुम्ही शंभर वाचले असतील. मीही दोन-तीन लिहिलेत.

मग गेल्या दिवाळीनंतर कापड्याला गेलो. पुण्याहून महाबळेश्वरमार्गे, सकाळी लवकर निघून. पोचलो तर काका अंगणात. आतून खोकल्याचा आवाज येत होता. साधा नाही, खोल, थांबत थांबत येणारा. मी विचारलं, "काकीला बरं नाही का?"

काका म्हणाले, "दोन वर्सं झाली. महाडच्या डॉक्टरनं सांगितलंय, धुरापास्नं लांब ऱ्हावा. पोरानं गॅस आणून दिलाय, एरवी समदं गॅसवरच. पण तू येणार म्हटलं का ही चूल पेटवते. तुला धुराचा चहा लागतो ना."

मी काहीच बोललो नाही. काय बोलणार? वीस वर्षं मी त्या वासाचं कौतुक केलं होतं. माझ्या दृष्टीने ती दाद होती. तिच्या दृष्टीने ती फर्माईश होती. आपल्याकडे घरी आलेल्याने 'आवडतं' म्हटलं की ते करणाऱ्यावर बंधन होतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. लक्षात आलं नाही, एवढंच.

आत गेलो तर ती फुंकणी घेऊन चुलीपुढे बसलेली. डोळे लाल. लाकूड पावसात भिजलेलं, नीट पेटत नव्हतं.

तेव्हापासून मी जरा वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की घरातल्या धुरामुळे, म्हणजे लाकूड, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल ह्यांवरच्या स्वयंपाकाच्या धुरामुळे, २०२० ह्या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख लोक गेले. फुप्फुसाचे जुनाट आजार, हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग. मोतीबिंदूशीही ह्या धुराचा संबंध आहे. सगळ्यात जास्त झळ बायकांना आणि मुलांना, कारण चुलीपाशी तेच असतात. आपल्याकडे १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली ती ह्याच कारणाने. पण सिलिंडर आला म्हणून चूल जात नाही. आंघोळीचं पाणी चुलीवर, भाकरी चुलीवर, सिलिंडर पुरवून पुरवून वापरायचा. आणि पुण्याहून पुतण्या आला की चहा चुलीवर.

आणखी एक गोष्ट वाचली आणि हसावं की रडावं कळेना. युरोपीय संघात चहातल्या अँथ्राक्विनोन नावाच्या द्रव्यावर मर्यादा आहे, किलोला ०.०२ मिलिग्रॅम. हे द्रव्य धुरातून पानांत येऊ शकतं, त्यामुळे धुरावर सुकवलेल्या लापसांगला ही मर्यादा पाळणं जड जातं. म्हणजे कप हातात धरणाऱ्याच्या पोटात धुराचा किती अंश जातो ते मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजलं जातं. ते बरोबरच आहे, मोजावं. पण टोपापाशी बसून जी बाई तोच धूर नाकातोंडात घेते, तिच्या स्वयंपाकघरात मोजमाप घेऊन कोण येतं?

तर माझं मत असं बदललंय. चहाची आवड ज्याची त्याची, ह्यावर मी अजूनही ठाम आहे. कोणी दुधात चमचाभर पूड दाखवून त्याला चहा म्हणावं, कोणी त्यात चार चमचे साखर घालावी, कोणी अमृततुल्यमध्ये उभं राहून दिवसाला सहा 'कटिंग' प्यावेत, माझी हरकत नाही. (ग्रीन टीवाल्यांबद्दल मी बोलत नाही, टीममध्ये शांतता हवी.) पण आपली आवड भागवायला दुसरं कोणी खोकत असेल तर 'माझी वैयक्तिक आवड' म्हणून हात झटकता येत नाहीत. तिथे ती वैयक्तिक उरत नाही.

आणि हे फक्त माझ्या काकीपुरतं नाही. मुंबई-गोवा महामार्गाने जा, नाहीतर पुण्याच्या बाहेर कुठल्याही रस्त्याने जा. 'चुलीवरचं जेवण', 'चुलीवरची मिसळ', 'चुलीवरची भाकरी' अशा पाट्या दर दोन किलोमीटरवर. आपण वीकेंडला गाडी काढून, रांगा लावून तिथे जातो. मीही जातो. तिथे बहुतेक वेळा पुढे फोटोसाठी एक सारवलेली चूल असते आणि मागे पत्र्याच्या शेडमध्ये दोन-तीन बायका सकाळपासून रात्रीपर्यंत भाकऱ्या थापत असतात. आपण दहा मिनिटं तो वास घेतो आणि 'अहाहा' म्हणतो. त्या दहा तास घेतात. चूल बंद करा असं मी म्हणत नाही, त्यांचं पोट आहे त्यावर. पण धुराला वर जायला धुराडं आहे का, शेड तीन बाजूंनी उघडी आहे का, एवढं आत डोकावून बघायला आणि मालकाला विचारायला काय हरकत आहे? शौचालय स्वच्छ नाही म्हणून आपण रिव्ह्यूत एक तारा देतो. धुराडं नाही म्हणून कोणी दिलाय?

कोणी म्हणेल, पूर्वीच्या बायका जन्मभर चुलीपुढे बसल्या, त्यांना काय झालं? झालं. आपण त्याला 'म्हातारपणाचा खोकला' म्हणालो. माझी आजी शेवटची काही वर्षं रात्री बसूनच झोपायची. घरात कोणीही त्याचा संबंध चुलीशी जोडला नाही, मीसुद्धा नाही.

मराठीत 'धुरकट' हा शब्द अन्नाच्या बाबतीत तक्रारीचा आहे, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. भात धुरकटला, दूध धुरकटलं म्हणजे बिघडलं. ज्यांनी हा शब्द वापरला त्यांना धुराचं काही अप्रूप नव्हतं, कारण त्या रोज तिथे बसत होत्या. धुरकट चव 'मस्त' वाटायला माणूस चुलीपासून दोन पिढ्या लांब जावा लागतो. बाबा पुण्याला आले, मी एसीत बसतो, म्हणून मला मस्त वाटतं.

पुढच्या खेपेला मी तो काळा डबा बरोबर घेऊन गेलो. काकी उठून चुलीकडे निघाली तसा मी आडवा आलो. म्हटलं, "काकी, चूल नको. धूर मी पुण्याहून आणलाय."

तिने डबा उघडून वास घेतला. तोंड वाकडं केलं. "ह्ये तर माळ्यावरच्या जुन्या टोपलीवानी वास मारतंय. केवढ्याला?" मी निम्मी किंमत सांगितली. तरी ती इतकी हसली की पुन्हा खोकला आला, आणि मग आम्ही दोघंही गप्प झालो.

चहा गॅसवर झाला. पाणी, गूळ, अंगणातली पात. गॅस बंद करून नेहमीची पूड, वर माझ्या डब्यातली एक चिमूट. झाकण. काकीने कप भरला आणि विचारलं, "पिशवी हाय दुधाची. घालू?"

"नको, कोराच दे."

ती थांबली. "तुला खरंच कोरा आवडतो व्हय?"

मी म्हटलं, "म्हणजे? इतकी वर्षं मी काय सांगतोय?"

तेव्हा कळलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की मी तिचं मन राखायला बोलतोय. दूध नाही हे झाकायला पोरगं धुराचं कौतुक करतंय, शहाणं आहे, असं. म्हणून दूध यायला लागल्यावरही तिने धूर सोडला नव्हता. निदान कौतुक करायला काहीतरी असावं म्हणून. मी धुराला नावाजत राहिलो, ती माझ्यासाठी धूर करत राहिली, आणि दोघांपैकी एकानेही कधी सरळ विचारलं नाही. रिक्वायरमेंट नीट न समजून घेता वीस वर्षं चाललेला प्रोजेक्ट.

मग ती आपणहून जुलै २०२१ चं बोलली. त्या जुलैत महाड बुडालं, तळियेवर दरड आली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसं नेली, आंबेनळी घाट बंद पडला. बरेच दिवस गावात दुधाची पिशवी आली नाही. मदतीला येणाऱ्यांना, भेटायला येणाऱ्यांना, सगळ्यांना घरोघरी कोराच. काकी म्हणाली, "तवा कुणी कुणाला म्हटलं नाय, कोराच हाय म्हणून." एवढंच म्हणाली आणि कप विसळायला उठली.

खरं सांगायचं तर गॅसवरचा चहा चुलीवरच्याइतका जमत नाही. त्या चिमटीने जवळपास जातो, पण चूल ती चूल. मला फरक कळतो. पुढेही कळेल. पण तो फरक मी माझ्या जिभेवर सोसायचं ठरवलंय. कोणीतरी सोसायचाच असेल तर तो मीच सोसलेला बरा.

करून बघायचा असेल तर: दोन कप पाणी, गवती चहाची दोन-तीन पाती गाठ मारून, सुपारीएवढा गूळ. चांगलं उकळू द्या, गॅस बंद करा, मग एक छोटा चमचा पूड घाला आणि दोन मिनिटं झाकून ठेवा. पूड उकळू नका, कोरा चहा त्यानेच कडू होतो आणि मग लोक कोऱ्या चहाला नावं ठेवतात. गाळून कपात. धुराची हौस असेल तर लापसांगची चिमूट, नसेल तर नुसत्या पातीचा चहाही झकास लागतो. दूध घालू नका. आणि कोणाला देताना 'कोराच आहे' म्हणू नका.

असो. पावणेबारा झाले, बायको विचारतेय जेवणाआधी परत चहा का. टाकतोच आता.